पाकात चमचाभर दूध

द्राक्षांच्या हातगाड्या रस्त्यावर आल्या की माझं डोकं फिरतं. लोकांना मोगऱ्याने काहीबाही आठवतं, आंब्याच्या पेटीने बालपण आठवतं. मला मात्र हिरव्या घडांच्या ढिगावर पाणी शिंपडणारा माणूस दिसला की माशाच्या पोटातली हवेची पिशवी आठवते. हे कुणाला सांगितलं तर ते आधी द्राक्षांकडे बघतात, मग माझ्याकडे. म्हणून मी सांगत नाही, मुकाट्याने अर्धा किलो घेते आणि घरी येते.

यंदाच्या हंगामाची सुरुवात तर वाइनच्या दुकानातच झाली. माझ्या बहिणीचा मुलगा रोहित हिंजवडीला नोकरी करतो. त्याचं लग्न ठरतंय. मुलगी केतकी, त्याच्याच कंपनीतली. ती व्हीगन आहे, म्हणजे मांस-मासे-अंडी तर नाहीतच, पण दूध, दही, तूप, मधसुद्धा नाही. त्या दोघांना मी जेवायला बोलावलं, तेव्हा रोहित म्हणाला, "मावशी, एक वाइनची बाटली आण ना. पण व्हीगन बघून आण हं. तुला कळतं त्यातलं." मला कळतं त्यातलं! आयुष्यात वाइनचा एक घोट न घेतलेल्या, रसायनशास्त्राच्या निवृत्त शिक्षिकेला वाइनमधलं कळतं, अशी माझी घरात ख्याती आहे. ती कशी झाली तेच सांगायला बसले आहे.

आपल्याकडे ज्या दुकानावर 'वाइन्स' अशी पाटी असते तिथे वाइन सोडून सगळं मिळतं. तरी बिबवेवाडीतल्या एका दुकानात एक फळी वाइनची निघाली. काउंटरवरच्या गृहस्थांना विचारलं, "यातली व्हीगन कोणती?"

"मॅडम, सगळ्या व्हेजच असतात. द्राक्षाची असते ना."

"व्हेज नाही हो, व्हीगन. गढूळपणा काढायला अंडं, दूध असलं काही वापरलेलं नको."

"वाइनमध्ये अंडं कोण घालेल?"

"घालतात."

"पंधरा वर्षं दुकान आहे आमचं," ते म्हणाले आणि मागच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

संपलं. पुण्यात दुकान किती वर्षं जुनं आहे हा कुठल्याही प्रश्नाचा शेवटचा मुद्दा असतो. मला राग अज्ञानाचा येत नाही. अज्ञान काय, वर्गात रोज समोर बसायचं, चांगले साठ-साठ चेहरे घेऊन. राग येतो तो 'माहीत नाही' न म्हणण्याचा. या गावात 'माहीत नाही' हे दोन शब्द फक्त पत्ता विचारणाऱ्यांसाठी राखून ठेवलेले आहेत. बाकी सगळं सगळ्यांना माहीत असतं. मी बाटली न घेता बाहेर पडले, समोरच्या गाडीवरून द्राक्षं घेतली आणि रिक्षात बसल्यावर तो जुना हंगाम आठवत गेला.

तेव्हा पुण्यात आयटीची लाट नुकती कुठे घरोघरी पोचली होती. ज्याच्या त्याच्या भाच्याला, पुतण्याला, शेजाऱ्याच्या जावयाला 'ऑनसाइट', म्हणजे परदेशातल्या कामावर, जायचं होतं. ज्यांना मोठ्या कंपनीत घेतलं नाही त्यांनी छोट्या कंपन्या काढल्या. त्यांतली एक माझ्या नवऱ्याच्या मित्राची, अभयची. मार्केट यार्डापासून जवळच, प्लायवूडच्या दुकानावर दुसरा मजला. खिडकी उघडली की कांदा आणि गूळ, बंद केली की प्लायवूडचा डिंक. इंग्लंडमधल्या एका गावात फिलिपा नावाची बाई इंटरनेटवरून वाइन विकायची. तिची वेबसाइट सांभाळायचं काम अभयला मिळालं होतं. आणि तिला हवी होती एक नवीन सोय: गिऱ्हाइकाने एका चौकोनावर टिचकी मारली की फक्त व्हीगन लोकांना चालणाऱ्या वाइन समोर याव्यात.

"वहिनी, तुम्ही केमिस्ट्रीवाल्या," अभय आमच्या घरी येऊन म्हणाला. "वाइन म्हणजे शेवटी केमिस्ट्रीच. कुठली बाटली कशाने गाळली ते बघायचं, बस. तुमच्यासारखं माणूस शोधून सापडणार नाही."

मला कनिष्ठ महाविद्यालयात शिकवून तेव्हा बरीच वर्षं झाली होती. तेच धडे, तीच प्रात्यक्षिकं, तोच क्षार ओळखा. सगळं जग संगणकाकडे धावत असताना आपण परीक्षानळी धूत बसलोय असं वाटायचं. मी बिनपगारी रजा टाकली. आमच्या प्राचार्या दामले बाईंनी अर्जावर सही केली आणि चष्म्यावरून बघून म्हणाल्या, "मार्चअखेरपर्यंत जागा ठेवते. पुढे नाही. एप्रिल फूल व्हायची माझी इच्छा नाही." म्हणजे द्राक्षांचा हंगाम संपेपर्यंत मला ठरवायचं होतं, परत खडू हातात घ्यायचा की नाही. आणि मला परत जायचं नव्हतं. हे मी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं, पण मला अजिबात परत जायचं नव्हतं. ऑफिसात मला स्वतःचं टेबल होतं, स्वतःचा संगणक होता, आणि दर पस्तीस मिनिटांनी घंटा होत नव्हती.

ऑफिसात आम्ही चौघं. अभय, मी, शिरीन आणि मंगेश. शिरीन कसबा पेठेतली. तिच्या वडिलांचं बुकबाइंडिंगचं दुकान होतं, पिढ्यान्‌पिढ्यांचं. मुलगी कंप्युटरवर बसते याचा त्यांना इतका अभिमान, की वह्या न्यायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे. मंगेश यवतमाळकडचा, भाड्याच्या खोलीत तिघांबरोबर राहणारा. अभय एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाताना त्यात कोथिंबीर दिसली तरी अस्वस्थ व्हायचा. शिरीन दारूच्या चित्राकडे बघतानाही खुर्ची जरा मागे सरकवायची. मंगेश मटण खायचा, पण शनिवारी नाही. आणि मी ही अशी. चौघांत मिळून वाइनचा एक थेंब कुणी चाखलेला नव्हता. गाढवाला गुळाची चव काय म्हणतात, इथे तर चार गाढवांना गुळाची प्रतवारी लावायला बसवलं होतं.

अभयला विचारलं, "हे व्हीगन म्हणजे नेमकं काय?"

"त्यांच्याकडचे शाकाहारी," तो ठामपणे म्हणाला. त्याला माहीत होतं. त्याला नेहमीच माहीत असायचं.

वाइन कशी होते हे मला पुस्तकातून माहीत होतं. द्राक्षं चिरडायची, यीस्टने साखर खायची, तिची दारू व्हायची. लाल असेल तर सालींसकट, पांढरी असेल तर साली काढून. पण पुस्तकात एक गोष्ट अगदी घाईत उरकलेली असते. ती अशी की हे सगळं झाल्यावर जे उरतं ते गढूळ असतं. मेलेलं यीस्ट, प्रथिनं, सालीचा तुरटपणा, सगळं त्यात तरंगत असतं. नुसतं ठेवून दिलं तर महिनोन्‌महिने घेत सावकाश खाली बसतं. पण बाजाराला दम नसतो. मग त्यात असं काहीतरी घालायचं की तो गाळ त्याला चिकटून झटकन तळाशी जावा आणि वरची निवळ काढून घ्यावी. पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवायचो ना आपण, तसंच. फक्त या लोकांची तुरटी म्हणजे अंड्याचा पांढरा बलक, जनावरांच्या हाडा-कातड्याचं जिलेटिन किंवा माशाच्या पोटातली हवेची पिशवी.

हे मी ऑफिसात सांगितलं तेव्हा मंगेशने कीबोर्ड बाजूला सारला. "मॅडम, हे पहिल्यांदा कोणाच्या डोक्यात आलं असंन? मासा फाडून राहिला, पिशवी निघाली, अन्‌ म्हणे चला, दारूत टाकून पाहू?"

"आणि हे बाटलीवर लिहीत नाहीत?" शिरीनने विचारलं.

"नाही. गाळाबरोबर निघून जातं ना. उरत नाही, म्हणून लिहीत नाहीत."

तिची खुर्ची आणखी थोडी मागे सरकली.

फेब्रुवारीत अभयने सहल काढली. नारायणगावच्या पुढे एका बागायतदाराने वाइनचा छोटा कारखाना घातला होता, तो बघायला. फिलिपाच्या दुकानाशी त्याचा काही संबंध नव्हता, पण 'डोमेन नॉलेज', म्हणजे त्या धंद्याची माहिती, हवी, असं अभयचं म्हणणं. दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, औषध फवारणीचा वास, आणि मध्येच पत्र्याच्या शेडमध्ये चकचकीत स्टीलच्या टाक्या. मालक आनंदाने फिरवत होते. अंगठ्या घातलेल्या हाताने प्रत्येक टाकीवर थाप मारत होते.

"आपली वाइन शंभर टक्के शाकाहारी हाय, मॅडम," ते म्हणाले. "तो बाहेरदेशी सल्लागार आला व्हता, म्हनला अंडी घाला. म्या म्हनलं, अंड्याचं नावबी काढायचं न्हाई हितं. माजी आई माळकरी हाय."

"मग निवळता कशाने?"

"दुधानं! आमच्याच गोठ्यातलं, साय काढून. पांढऱ्या वाइनला लई भारी. एकदम शुद्ध."

अभयने तर टाळीच वाजवली. "बघा. याला म्हणतात संस्कार."

आणि खरं सांगते, मलाही ते फार आवडलं. कारण ते माझ्या ओळखीचं होतं. आपण साखरेचा पाक करतो तेव्हा त्यात चमचाभर दूध घालतोच की. साखरेतली मळी त्याला धरून वर येते, ती झाऱ्याने काढून टाकायची, खाली पाक कसा आरशासारखा. आईच्या हाताखाली मी लहानपणापासून बघितलेलं. माशाची पिशवी आणि जिलेटिन ऐकून विटलेल्या जिवाला ते दूध ऐकून घरी आल्यासारखं वाटलं. परतताना आम्ही बागेतली द्राक्षं खात आलो, आणि गाडीतच नियम तयार झाला. फिलिपाने पाठवलेल्या माहितीत अंडं, मासा, जिलेटिन असेल तर लाल. बाकी सगळं हिरवं. मंगेशने दुसऱ्या दिवशी तो लिहिला, शिरीनने तपासला, अभयने पाठवला. फिलिपा खूश झाली. महिनाअखेर अभय म्हणाला, "वहिनी, मार्चनंतरही तुम्ही हव्यातच." मी घरी जाताना पेढे घेतले. नवऱ्याने विचारलं, कशाबद्दल? मी म्हटलं, हंगामाबद्दल.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात फिलिपाचा ईमेल आला. त्याखाली तिच्या एका गिऱ्हाइकाचं पत्र जोडलेलं होतं. डोरोथी नावाची बाई. तिने साठाव्या वाढदिवसाला आमच्या हिरव्या खुणेवर विसंबून पांढऱ्या वाइनची पेटी मागवली होती. पाहुण्यांबरोबर दोन पेले घेतले. नंतर कुणीतरी त्या वाइनरीचं माहितीपत्रक दाखवलं. त्यात अभिमानाने लिहिलं होतं, आम्ही परंपरेनुसार दुधाने निवळतो. डोरोथीबाईंनी लिहिलं होतं, माझं बालपण दुधाच्या गोठ्यात गेलं. वासरू पहिल्या दिवशी गायीपासून तोडलं की ती रात्रभर कशी हंबरते ते मी ऐकलं आहे. तरुणपणी घर सोडलं तेव्हापासून मी दूध घेतलेलं नाही. तुम्ही चालेल म्हणालात, म्हणून मी घेतलं. बाकी काही नाही. ना शिवी, ना धमकी, ना पैसे परत मागितलेले.

अभयने पत्र दोनदा वाचलं. "दूध? अहो, दूधच होतं ना? विष तर नव्हतं!"

"आमच्याकडे कोणाले दूध पाजलं त लोकं आशीर्वाद देतात बाप्पा," मंगेश म्हणाला.

माझी तर तळपायाची आग मस्तकात गेली. अंडं नको, समजू शकते. मासा नको, समजू शकते. पण दूध! जे देवाला चालतं, उपासाला चालतं, तान्ह्या बाळाला चालतं, ते या बाईला चालत नाही? नाकापेक्षा मोती जड. आणि या मोत्यापायी माझा महिना, माझं टेबल, माझा एप्रिल सगळं टांगणीला लागलं होतं. कारण फिलिपाने शेवटी लिहिलं होतं: यादीतल्या सगळ्या बाटल्या पुन्हा तपासा. महिनाअखेर बोलू. हे नीट झालं नाही तर आपण पुढे काम करू शकणार नाही.

"मॅडम," शिरीन हळूच म्हणाली, "त्या बाईंचं बरोबर आहे पण."

"काय बरोबर आहे?"

"आमच्याकडे अब्बा बिस्किटाचा पुडासुद्धा उलटा करून वाचतात. औषधाच्या कॅप्सूलचं वरचं कव्हर कशाचं आहे ते विचारतात. दुकानदार हसतात. हसू देत. पण 'नाही' म्हणून सांगितलं आणि असलं, तर?" मी मनात म्हटलं, आता तूही.

मग दुधाने तोंड पोळलेले आम्ही ताकही फुंकून प्यायला लागलो. यादीतल्या प्रत्येक वाइनरीला ईमेल लिहायचा: आपण आपली वाइन कशाने निवळता? कुणी उत्तर दिलं, मातीने. एक प्रकारची चिकणमाती असते, ती पाण्यात कालवून घालतात, कुणाच्याच धर्माच्या आड येत नाही. कुणी लिहिलं, आम्ही काहीच घालत नाही, थांबतो. कुणी लिहिलं, एक वर्ष अंडं, एक वर्ष माती, जसा माल असेल तसं. एकाने फारच चिडून लिहिलं, आमच्या आजोबांना हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. आणि बहुतेकांनी उत्तरच दिलं नाही. बाहेर मार्केट यार्डात द्राक्षांचे ट्रक लागत होते, उन्हाने खिडकीची चौकट तापत होती, घरी बारावीची मुलं फोन करून विचारत होती, मॅडम, तुम्ही परीक्षेला तरी येणार ना? मी सगळ्यांवर डाफरत होते.

त्यात एका दुपारी आईकडे गेले. सहकारनगरला एकटी राहायची ती. रव्याच्या लाडवांचा पाक गॅसवर होता. तिला हसवावं म्हणून डोरोथीबाईंची गोष्ट चांगली मीठमसाला लावून सांगितली. वासरासकट. आईच्या हातात दुधाचा चमचा होता, पाकावर धरलेला. ती हसली नाही. चमचा तसाच धरून म्हणाली, "म्हणजे ती बाई माझे लाडू खाणार नाही."

"नाही खाणार. अगं, पण मळीबरोबर निघून जातं ना ते दूध. उरतं कुठे?"

"घातलेलं असतं ना पण?" तिने दूध पाकात सोडलं. मळी वर यायला लागली. "मग तिला सांगायला हवं. तिने खायच्या आधी."

मी म्हटलं, एवढं काय त्यात. आणि म्हणताक्षणी जीभ चावली, कारण हे वाक्य त्या स्वयंपाकघरात आधी एकदा ऐकलेलं होतं. मी कॉलेजात असतानाचं. तेव्हा नवीन नवीन बेकऱ्या निघाल्या होत्या आणि औक्षणाच्या ताटाशेजारी क्रीमचा केक येऊन बसला होता. मामाच्या मुलीच्या वाढदिवसाला मामी आईला म्हणाली, "खा हो वन्सं, अंडं नाहीये यात." आईने खाल्ला. आठवड्याने बोलता बोलता कळलं की होतं. सगळे हसले. पोटात गेलं, पचलं, विषय संपला, एवढं काय त्यात. आईने त्या दिवशी दोनदा आंघोळ केली आणि रात्री जेवली नाही. तिने कुणाला बोल लावला नाही, म्हणून आम्हाला वाटलं, विसरली.

झाऱ्याने मळी काढता काढता आई म्हणाली, "माझा राग अंड्याचा नव्हता गं. अंडं काय, गेलं पोटात. तुझी मामी म्हणाली असती ना, वन्सं, मला नक्की माहीत नाही, तर मी नसता खाल्ला, एवढंच. अजूनपर्यंत तिने मला म्हटलेलं नाही, की मला माहीत नव्हतं."

इतक्या वर्षांनी. मला रडूच यायला लागलं, आणि रडू आलं की मला राग येतो, म्हणून मी लाडू न घेताच निघाले.

महिनाअखेरीला दुपारी फिलिपाचा फोन आला. स्पीकरवर टाकून आम्ही चौघं टेबलाभोवती बसलो. अभयने आधीच ठरवून टाकलं होतं. ज्यांनी उत्तर दिलं नाही त्यांना हिरवी खूण ठेवायची. "मौन म्हणजे संमती. नाहीतर अर्ध्याहून जास्त यादी लाल होईल, बाई पळून जाईल."

फिलिपाने पहिला प्रश्न विचारला, "दूध चालेल, हे कुणी ठरवलं होतं?"

अभयने मंगेशकडे बघितलं. मंगेशने शिरीनकडे. शिरीनने टेबलाकडे. माझं इंग्रजी मराठी माध्यमाचं, तरी मीच बोलले. "ते कुणीच ठरवलं नव्हतं. आमच्याकडे दूध चालतं की नाही हे कधी ठरवावंच लागत नाही."

ती म्हणाली, "ठीक. आता ज्यांची उत्तरं नाहीत, त्यांचं काय?"

अभय पुढे झुकला. त्याच्या तोंडातून 'ग्रीन' बाहेर पडायच्या आत मी म्हटलं, "त्यांचं आम्हाला माहीत नाही. लाल आणि हिरव्याच्या मध्ये तिसरा चौकोन करा. त्यात लिहा, माहीत नाही."

अभयने टेबलाखालून माझ्या पायावर लाथ मारली. अजून आठवली की नडगी दुखते.

फिलिपा म्हणाली, "मग जवळजवळ सगळी यादी तिथेच जाईल."

"हो."

ती म्हणाली, तसंच करूया. आणि ज्याअर्थी तुम्हाला माहीत नाही, त्याअर्थी यापुढे वाइनरींना विचारायचं काम आम्ही इथूनच करू. तुम्ही फक्त वेबसाइट सांभाळा.

एवढंच. कंपनी वाचली, मंगेश वाचला, शिरीन वाचली. वाइनरींना विचारायला ठेवलेलं माणूस तेवढं नको झालं, आणि ते माणूस मी होते. स्वतःच्या हाताने, स्वतःच्या मराठी माध्यमाच्या इंग्रजीत, मी स्वतःचं टेबल उचलून दिलं होतं. याला शहाणपण म्हणतात असं मला कुणी सांगू नये. मी घरी जाऊन भांडी आपटली.

एकतीस मार्चला मी दामले बाईंसमोर उभी राहिले. त्या म्हणाल्या, "आलात? बरं झालं. पेपर तपासायचे गठ्ठे आलेत." पुढची सगळी वर्षं मी तिथेच क्षार ओळखा करत काढली. मे महिन्यात शिरीनचा फोन आला. डोरोथीबाईंनी पुन्हा लिहिलं होतं, एकच ओळ: आता कुठल्या बाटलीबद्दल विचारायला हवं ते मला कळतं. शिरीनने ती मला फोनवर दोनदा वाचून दाखवली. मी म्हटलं, बरं. दुसरं काय म्हणणार? त्या ओळीने कुणाचा एप्रिल परत येत नाही.

आई गेली त्यालाही आता बरीच वर्षं झाली. मामीने शेवटपर्यंत तिला ते म्हटलं नाही.

तर परवा केतकी आणि रोहित जेवायला आले. मी सकाळपासून राबत होते. मसालेभात, भरली वांगी, दह्याऐवजी दाण्याच्या कुटात कालवलेली काकडी, नारळाच्या दुधातली खीर. मुलगी गोड आहे, बोलायला मोकळी, उगीच मिरवणारी नाही. रोहितने आल्या आल्या विचारलं, "वाइन?"

"नाही आणली. कशाने निवळली ते दुकानदाराला माहीत नव्हतं."

"मावशी, तूसुद्धा ना!"

पानं वाढली. केतकीने मसालेभाताचा घास उचलला आणि हळूच विचारलं, "मावशी, यात तूप नाहीये ना?"

"छे गं!" हे माझ्या ओठांवर तयारच होतं. फोडणी तेलाची होती, वरून तूप मी मुद्दाम वाढलं नव्हतं. पण काजू? काजू मी सकाळी लवकर तळून ठेवले होते, अर्धवट झोपेत, दूधवाल्याशी बोलत. कशात तळले? हात चाळीस वर्षांच्या सवयीने तुपाच्या बरणीकडे जातो. गेला असेल. नसेल. मी डोळ्यांपुढे कढई आणून बघितली, कढई दिसली, आत काय होतं ते दिसेना. रोहित माझ्याकडे डोळे मोठे करून बघत होता, म्हणजे 'नाही म्हण' असं. सकाळपासूनच्या कष्टांचा भात होता तो. एवढं काय त्यात.

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "काजू कशात तळले ते आठवत नाही."

रोहितने कपाळाला हात लावला. केतकीने घास परत ताटात ठेवला, भात कडेला सारला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "थँक यू, मावशी. असं कुणी सांगत नाही."

मग तिने द्राक्षांचा वाडगा स्वतःकडे ओढला आणि वांग्याबरोबर पोळी खाताखाता मधूनमधून एकेक द्राक्ष तोंडात टाकू लागली. मी माझ्या चांगल्या मसालेभाताकडे बघत बसले. चिडलेच होते. पण त्या क्षणी आई समोर असती, तर मी तिलाही केतकीच्या शेजारी, याच पंगतीत जेवायला बसवलं असतं.